पूजेआधीची दशमी

लातूर,
रविवार, १ डिसेंबर २०२४

ती. रत्नम्मा आत्यास,
अंजूचा शि. सा. न. आणि शरणार्थ.

पत्र बघून घाबरू नकोस गं आत्या. आमच्या वसतिगृहात मोबाईल जमा करून घेतात, आणि रविवारी बोलायला मिळतात ती पाच मिनिटं अहमदपूरला आप्पांशी बोलण्यातच जातात. त्यांना सांगता येत नाही ते तुला कंधारला लिहायचं ठरवलंय.

दिवाळीत डॉक्टर मॅडमनी लक्ष लागण्याची गोळी सुरू केली, ती लागू पडली. परवा भूमितीचं अख्खं प्रमेय मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. मध्ये कुठंच गेले नाही! नाहीतर सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला की मी त्याच्या टोकावर बसून तुमच्या किल्ल्याच्या खंदकात पाय सोडायची, पाण्यातून हिरवे मासे वर यायचे, पायाला गुदगुल्या करायचे आणि तास संपायचा. आता फळा हा फळाच राहतो. दहावीच्या वर्षाला हेच पाहिजे होतं. तरी कधीकधी दुपारी फार सामसूम वाटतं. मासे येतात ते संध्याकाळी पाचनंतर, गोळी उतरली की. तेव्हा डोकं ठणकतं, उगाच रडूही येतं, पण मी गच्चीवर जाऊन त्यांना भेटून येते.

अडचण एकच आहे. मला भूक लागत नाही. तोंड कोरडं पडतं, पोळी पुठ्ठ्यासारखी लागते. सकाळचा नाष्टा आणि दुपारचं ताट मी लुंबिनीला देते. ती माझ्या खोलीतली, नायगावची, तिला दोघींचं सहज जातं. महिन्यात माझं दोन किलो वजन उतरलंय. आप्पांना यातलं काही बोलू नकोस. त्यांना गोळी पहिल्यापासून पसंत नाही, कळलं तर बंद करतील. मला परत पहिल्यासारखं व्हायचं नाही, आत्या. फार भीती वाटते त्याची.

जीव लावतेसच, त्यातला थोडा पाकिटातून पाठवत जा.

तुझी,
अंजू

*

कंधार,
९ डिसेंबर २०२४

चि. अंजूस,
आत्याचे अ. उ. आ.

पत्र दुकानातच फोडलं. गिऱ्हाईक बाई टिकल्यांचं पाकीट हातात धरून उभी, अन् मी वाचून राहिले. शेवटी तिनं विचारलं की कुणाची तब्येत बिघडली का. मी म्हटलं, न्हाई, भावाच्या पोरीला प्रमेय आलं. तिला काय कळलं देव जाणे, पण तिनं डझनभर बांगड्या जास्ती भरल्या.

तुझे मासे मला ठाऊक हायत. माझ्याकडं बी हुते. मी मणी ओवता ओवता कुठं जायचे मलाच कळायचं न्हाई, माय हाका मारून हैराण व्हायची. त्या काळी त्याला कुणी आजार म्हटलं न्हाई, येडी म्हणून मोकळे झाले. तुला औषध मिळालं हे लई बेस झालं बघ.

पण बाई, एवढं मोठं गुपित माझ्या पोटात घातलंस अन् स्वतःचं पोट रिकामं ठिवलंस, ही कुठली रीत? लुंबिनीला म्हणावं तू आता दोन माणसांचं नको खाऊ. सध्या मी गप बसते. ३० तारखेला येळवस हाय, येळ अमावस्येची रानातली पूजा. रानात ये. सगळ्या भाज्यांची पातळ भज्जी अन् आंबील समोर आल्यावर भूक कशी येत न्हाई, बघतेच मी.

तोवर नीट राहा, अन् आत्याची सय येऊ दे.

रत्नम्मा

*

कंधार,
१ जानेवारी २०२५

चि. अंजूस,
अ. उ. आ.

परवा येळवसला जे झालं त्याचा राग माझ्यावर काढ, आप्पावर काढू नको.

किती चांगला दिस हुता! ज्वारी डोक्याएवढी, कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा झालेली, उन्हात सगळी पंगत जेवून सुस्तावलेली. तू तेवढी बाजरीच्या उंड्याचा एक तुकडा घेऊन भज्जीत बोट फिरवत बसलीस. मग पाणी घ्यायला हात वर केलास अन् बांगड्या कोपरापातूर खाली गेल्या. दसऱ्याला मीच भरल्या हुत्या, दोन-चारच्या मापाच्या, साबण लावून चढवल्या हुत्या. तीस वर्षं मनगटं बघून राहिले मी, अंजू. मला वजनकाटा लागत न्हाई. तुझ्या बापाला, उमाशंकरला, मी तिथंच बांधावर सगळं सांगून टाकलं. कबूल केलेलं मोडलं. त्याची मला लाज वाटते, पण पस्तावा न्हाई.

तो भडकलाच. आजच्या आज गोळी बंद म्हणाला. मी म्हटलं, आपल्या मनानं सुरू केली नव्हती, तर आपल्या मनानं बंद बी करायची न्हाई. मग त्यानं मॅडमला फोन लावला. त्यांनी विचारलं की गोळी न्याहारीनंतरच घेते ना, उमाशंकर हाव म्हणाला. मग त्यांनी २५ तारखेला वजनाला बोलावलं, अन् छातीत धडधडलं, गरगरलं तर त्याच्या आधीच आणा म्हणाल्या. तुझा बाप आता हटून बसलाय. त्या दिवशी वजन आणखी उतरलं तर गोळी बंद करा म्हणून मॅडमला सांगणार हाय.

मला एक लिही. उठल्यापासून तू काय काय करतेस, क्रमानं. काही गाळू नको.

रागातली का होईना, माझी राहा.

रत्नम्मा

*

लातूर,
४ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शरणार्थ.

दोन दिवस तुझ्यावर रुसले होते. तिसऱ्या दिवशी लुंबिनीने सांगितलं की ती तुझ्या जागी असती तर तिनेही आप्पांना सांगितलं असतं, आणि माझं ताट परत माझ्यापुढे सरकवलं. त्यामुळे आता रुसायला कुणी उरलं नाही.

क्रम असा. पाचला उठते. गोळी घेते, घोटभर पाण्याबरोबर. मग साडेसहापर्यंत अभ्यास, तो फार छान होतो. न्हाणीघराला रांग असते, माझा नंबर लागेपर्यंत पावणेसात होतात. अंघोळ, विभूती, घाईघाईत लिंगपूजा. सातला तास. साडेआठला नाष्टा. तोपर्यंत भूक गेलेली असते.

मॅडमनी खाऊन घ्यायला सांगितलं होतं हे खरं आहे. पण माझी लिंगदीक्षा झाली त्या दिवशी तू मला जवळ घेऊन सांगितलं होतंस की पूजा झाल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, पाणी चालेल. गोळी म्हणजे अन्न नाही ना? म्हणून मी ती पाण्यातच मोजली. मला वाटलं मी दोन्ही नीट पाळतेय. तुझा शब्द मी एक दिवसही मोडलेला नाही, आत्या.

यात काही चुकलं का? चुकलं असेल तर रागावून लिही, पण लिही.

तुझी,
अंजू

*

कंधार,
८ जानेवारी २०२५

चि. अंजूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दुकानाचं शटर खाली ओढलं अन् आत बसून रडले. गोळीनं पोरगी वाळवली म्हणून गावभर सांगत हुते मी. गोळीला माझ्या शब्दानं साथ दिली, ते मला दिसलंच न्हाई.

उमाशंकरला फोन करून सांगितलं, चूक पोरीची न्हाई, माझी. मग मॅडमशी बोलले. त्या म्हणाल्या की गोळीनं भूक मरते, म्हणून भूक जागी असताना, गोळीच्या आधीच पोटभर खायचं. पाचला न्हाई, सहाला घ्यायची. संध्याकाळी ती उतरली की दुसरं मोठं जेवण. दुपारी जमंल तेवढं. तोंड कोरडं पडतं त्याला पाणी पीत राहायचं. संध्याकाळचं रडू बी त्यांच्या कानावर घातलंय, २५ला त्या तुझ्याशी बोलतील.

आता माझं ऐक. सहाला आधी खा. मग गोळी. मग अंघोळ अन् पूजा. हे मीच सांगून राहिले, ज्या तोंडानं ते सांगितलं हुतं त्याच तोंडानं. आप्पासोबत दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी अन् तुपाचा डबा पाठवलाय. दशमी चार दिवस ऱ्हाते, दर चार दिवसाला नवी येईल. लुंबिनीला एक द्यायची, दोन न्हाई.

चुकलेल्या आत्याला पदरात घे.

रत्नम्मा

*

लातूर,
रविवार, २६ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शरणार्थ, शरणार्थ, शरणार्थ!

आप्पांनी फोन केला असेलच, तरी मला स्वतः लिहायचंय. सव्वा किलो वाढलं! मी काट्यावर उभी असताना आप्पांनी माझ्या आधी वाकून आकडा वाचला. मॅडमनी गोळी चालू ठेवली, दर महिन्याला वजन बघणार आहेत. संध्याकाळचं रडू राहिलं तर मात्रा बदलून बघू म्हणाल्या. बाहेर आल्यावर आप्पांनी मला उसाचा रस पाजला. पूर्ण ग्लास प्यायले.

अंधुक उजेडात खिडकीशी बसून मी दशमी खाते. तुपाचा वास येतो, बाहेर सगळं धुक्यात तरंगत असतं, आणि गोळी घेण्याआधीच्या त्या दहा मिनिटांत मासेही येऊन जातात. म्हणजे आता ते दोनदा येतात.

पण आत्या, पहिला घास अजून चोरून खाल्ल्यासारखा वाटतो. नंतर पूजेला बसले की वाटतं, तू तिकडे उपाशी बसली असशील आणि मी इकडे पोट भरून. तुला मनातून वाईट वाटत असेल ना?

तुझी,
अंजू

*

कंधार,
३१ जानेवारी २०२५

चि. अंजूस,
अ. उ. आ.

सव्वा किलो! शेजारच्या माणिकप्पाच्या दुकानातून पेढे आणून गल्लीत वाटले. कशाचे म्हणून विचारलं की वजनाचे सांगते.

आता तुझ्या प्रश्नाचं. मी इकडं उपाशी बसत न्हाई, पोरी. ८ तारखेला तुला पत्र टाकलं अन् दुसऱ्या दिवसापासून सहाला मी बी आधी खाते. तू एकटीनं नेम मोडायचा अन् मी इकडं शुद्ध राहायचं, हे मला जमलं न्हाई. पहिल्या दिवशी दशमी हातात घेऊन लई वेळ बसले. चाळीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. तुझं मनगट आठवलं अन् पहिला घास घेतला.

मग अंघोळ करून, भीत भीत लिंग हातावर घेतलं. अन् अंजू, तुला म्हणून सांगते, कुणाला बोलू नको. इतकी वर्षं पूजेला बसले की माझ्या डोळ्यापुढं चहा यायचा, तव्यावरली भाकरी यायची. त्या दिवशी पहिल्यांदा काही आलं न्हाई. नुसतं लिंग दिसत हुतं.

सहाला तू तिकडं, मी इकडं. भरल्या पोटाची माया घे.

तुझीच,
रत्नम्मा आत्या