पितळेचा आळ

अत्तै,

आज या घरात न्यायाची पहाट उगवली आहे. म्हणून सकाळची कॉफी मिळणार नाही. फिल्टर मी डब्याच्या पिशवीत घालून शाळेत घेऊन चालले आहे.

माझी मान काळी पडली तेव्हा मीनाक्षीच्या देवळात भेटेल त्या बाईला तुम्ही सांगितलंत, "सुनेच्या बापानं लग्नात सोन्याची साखळी म्हणून पितळ घातलंय गळ्यात, पितळ!" तेव्हापासून माझे अप्पा आपल्याकडे जेवायला बसत नाहीत. काल डॉक्टरीणबाईंनी मान पाहिली, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "साखळीला कशाला बोल लावता? रक्तातली साखर वाढलीय. त्यात मान अशी काळवंडते, कातडी मखमलीसारखी जाड होते."

रात्री तुमच्या डोक्याला तेल लावताना मी केस मुद्दाम वर उचलून पाहिले. तुमची मान माझ्याहून काळी आहे. तिच्यावर तुमच्या वडिलांनी लग्नात घातलेली साखळी आहे. आता काय म्हणायचं, अत्तै? तुमच्याही बापानं पितळच घातलं?

थोड्या वेळानं तुमचं रक्त तपासायला घ्यायला माणूस येईल. तोवर पाण्याशिवाय काही घेऊ नका. शेजारच्या अलमेलू मामींकडे कॉफी मागायला गेलात तरी मिळणार नाही. त्यांना मी सगळं सांगितलंय, तुमच्या मानेचा फोटोही दाखवलाय. रविवारी अप्पांना जेवायला बोलावलंय. त्यांना पहिला भात तुम्ही वाढायचा.

मला रोज सकाळी चालायला सांगितलंय. कोपऱ्यावरच्या कुत्र्यांची मला फार भीती वाटते. उद्यापासून माझ्याबरोबर याल का?

– तेन्मोळी