उघडा राहिलेला खड्डा

१० जानेवारी
माझं सगळं बदललं ते परवा सकाळी सव्वानऊला. पेपर अर्धा झाला होता, बाहेर बर्फ पडत होता, आणि मनात आलं, माझी फ्लुरिना तिकडे डोंगरातल्या शाळेत शिकवते आणि मी इथे कसली गणितं खरडतोय? उठलो, कॉलेजला रामराम. आज तिच्या गावावरच्या हिमचौकीत मदतनीस म्हणून रुजू! खिडकीतून शाळेचं छप्पर दिसतं. चौकीचा म्हातारा बाल्ट्सर म्हणाला, बाकं उबवलीस तेवढी पुरे पंडिता, आता फावडं उबव. येत्या रविवारी फ्लुरिना समोरचा उतार चढून मला भेटायला येणार आहे.

१२ जानेवारी
काम झकास. उतारावर छातीएवढा खड्डा खणायचा, भिंतीतले थर बोटांनी चाचपायचे. मग ठोकळा कापून त्यावर फावडं ठेवून थापा मारायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला ठोकळा घसरतो, त्यावरून गावाला हिमस्खलनाचा इशारा जातो. आज बाविसाव्याला घसरला. तळाशी साखरेसारखा सुटा थर आहे, सगळं ओझं त्याच्यावर. निघताना खड्डा बुजवायचाच, म्हातारा त्याबाबत फार कडक.

१४ जानेवारी
खड्ड्यात उभं राहून म्हाताऱ्यानं टोमणा मारला, मास्तरीणबाई डोंगर बघायला येतायत, तुझं थोबाड नव्हे. तो वर गेल्यावरही माझं डोकं तडतडतच होतं. बुजवायचं काम माझं. फावडं फेकलं नि आलो. बुजवला म्हणून सांगितलं.

१५ जानेवारी
कालच्या खड्ड्याला सडक्या हिरडीचा वास. तळाचा थर पिवळा, चरबीसारखा ओशट — आणि कोमट. बोट लावलं तर लाळेसारखी तार सुटली. आत केस. तिथेच ओकलो. ओकारी थरानं चाटूनपुसून नेली.
ठोकळ्यावर एकच थाप मारली. घसरला नाही, आत ओढला गेला.
बाल्ट्सरला खरं सांगितलं. पांढराफटक पडला. म्हणाला, गाढवा, त्याला तोंड करून दिलंस!

१६ जानेवारी
म्हातारा बुजवायला गेला. मला येऊ देईना. दुपार झाली तरी नाही —
गेलो. खड्डा दुप्पट रुंद. काठावर त्याचा हातमोजा, लाळेनं चिंब, चघळलेला. चौकीच्या फोनची तारही आत ओढलेली. गावाला कळवायचं कसं?

१७ जानेवारी, रविवार सकाळ
वास चौकीत आलाय. पाण्यावर तवंग. दूध तोंडात घेतलं, थुंकलं — केस.
उतार हलतोय. गिळताना गळा हलतो तसा.
खाली कोणीतरी चढतंय. फ्लुरिनाच. बोंबललो, वारा उलटा. तिला वाटलं मी खुशीत ओरडतोय. हात हलवते आहे वेडी —
तिला वर येऊ द्यायचं नाही. उतारावरून गेलो नि माझ्याकडून बर्फ सुटला तर? थांबलो तर ती त्याच्यावर —
बाजूच्या कड्यावरून उतरतो. खडक आहे, जमेल. वही खिशात.
बाहेर आलो. दार ओढून घेतलं. वही पुन्हा काढली. पायाखाली खडक नाही, मऊ आहे, कोमट —
फ्लुरिना, मागे फि