चाकांवरची खोली

परभणी, मंगळवार, १२ मार्च १९७४

काल दुपारी तेलगिरणीचा बॉयलर फुटला आणि माझं सगळंच बदललं. हमालांची जेवायची खोली पत्र्याची, चाकांवरची. आधी ती पार कुंपणापाशी असायची. महिन्यापूर्वी मीच ती हमालांकडून ढकलवत बॉयलरजवळ आणवली. मिस्त्री ओरडले होते, "पोरा, बॉयलर फुटला तर पत्रा काय आडवणार हाय? लांबच राहू दे."

"मामा, लय भिता तुमी!" कॉलेज अर्ध्यात सोडलं, तरी अक्कल मलाच जास्त!

खरं कारण एवढंच, की खोली तिथं आली की मी हजेरी मांडतो त्या खिडकीतून शेवंता दिसायची. तिचे वडील गिरणीत हमाल, त्यांची भाकरी घेऊन यायची ती.

काल भाकरी देऊन ती फाटकाबाहेर पडली होती. तिचे वडील खोलीत जेवत होते. पत्र्यानं काहीच अडवलं नाही.

आज त्यांच्या मातीला गेलो. शेवंता म्हणाली, "बाबा तुमचं लय नाव घ्यायचे. म्हनायचे, माझे पाय दुखतेत म्हनून बाबूनं खोली जवळ आणली."

मी हात जोडले आणि घरी आलो. खोली कशासाठी आणली, ते तिला माझ्याच तोंडून कळायला पाहिजे. मग ती तोंडावर थुंकली तरी चालेल. उद्या धीर होणार नाही. दार ओढून घेतो आणि तिच्याकडे निघतो.