खालचे सहा दात

लातूर,
२४ एप्रिल २०१६

दादा,

जय भीम. आईला आणि वहिनीला नमस्कार सांग. तुझ्यासाठी माझ्याकडे नमस्कार उरलेला नाही.

फोन केला असता, पण तू तो स्पीकरवर टाकतोस आणि आई शेजारीच बसलेली असते. म्हणून पत्र. एकट्यानं वाच.

तू पाठवलेला फोटो पाहिला. उदगीरच्या गाळ्यावर निळा बोर्ड : डॉ. सिंधु सोनकांबळे, दंतरोग तज्ज्ञ. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा व्हायचीय, मग वर्षभर इंटर्नशिप, आणि तू बोर्ड रंगवून मोकळा! म्हणे, "उदगीर जिल्हा व्हायलाय, कचेऱ्या येतील, सायेब लोक येतील, त्यांला दात न्हाईत का?" जिल्हा व्हायचा तेव्हा होईल. मला मात्र तू आत्ताच त्या गाळ्यात बसवलंस.

मला एमडीएस करायचंय, ओरल सर्जरीत. दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा "लई शिकलीस आता" म्हणून तू पेपर तोंडासमोर धरलास. गुटख्यानं तोंड उघडेनासं झालेली माझ्या वयाची पोरं इथं येतात आणि आम्ही त्यांना चिठ्ठी देऊन नांदेडला, नाहीतर हैदराबादला धाडतो. मला जन्मभर चिठ्ठ्या लिहायच्या नाहीत.

मी केलेली कवळी आई घालत नाही, डबीत ठेवते, असा टोमणाही मारलायस. सवय नसेल. खालची कवळी सगळ्यांनाच त्रास देते.

इथं पाण्याचे हाल आहेत. रेल्वेनं पाणी आलं ते तू टीव्हीवर पाहिलं असशीलच. हॉस्टेलला दोघींत एक बादली. ओपीडीत चूळ भरायला अर्धा पेला. खेड्यातली माणसं दिवाळीनंतरच येईनाशी झाली. टँकरची वाट बघायची सोडून दात दाखवायला कोण येणार? आणि केसेसचा कोटा भरल्याशिवाय आम्हाला परीक्षेला बसू देत नाहीत. माझी पूर्ण कवळीची एक केस कमी पडत होती. पूर्ण कवळी म्हणजे तोंडात एकही दात नको.

हे लिहायचं नव्हतं. पण आता लिहितेच.

जानेवारीत आईला मी त्यासाठीच बोलावलं. वरचे दात तिचे कधीच गेले होते. खाली पुढचे सहा होते. त्यातले दोन हलत होते, चार चांगले होते. मी तिला सांगितलं, सहाही हलतायत. सरांना सांगितलं, आईच काढा म्हणून मागे लागलीय. साक्षरता वर्गात शिकलेली सही तिनं संमतीच्या कागदावर केली, एकेक अक्षर दाबून. म्हणाली, "तुला कळतंय नव्हं? काड मंग."

चौथा दात निघेना. मूळ भक्कम होतं. मी जोर लावला. तिनं मला ढकललं नाही, खुर्चीची कड धरून बसली.

त्या कवळीला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले.

आता ती भाकरी वरणात कुस्करून खात असेल. तू लिहिलं नाहीस, तरी मला माहीत आहे.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. मला न विचारता माझं ठरवायचा तुला काय हक्क? हेच वाक्य लिहिताना मघाशी हात थांबला. मी तरी आईला खरं सांगून कुठं विचारलं होतं? मला लाज वाटते, दादा.

वर एकट्यानं वाच म्हटलंय, ते राहू दे. आईला समोर बसव आणि पहिल्यापासून वाचून दाखव. चांगल्या चार दातांचं गाळू नकोस. उद्या मी सरांनाही सांगणार आहे. मग परीक्षेला बसू देतील की नाही, माहीत नाही.

रविवारी घरी येते. बोर्ड तोवर उतरव. आणि मला घरात घ्यायचं की नाही, ते मात्र तू ठरवू नकोस. आईला विचार.

नुसती,
सिंधु