ऑइलपेंटवर गंध धरत नाही

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, म्हणजे आपल्या दोघींत पत्राचं कामच नव्हतं. पण नात म्हणाली, आजी, तू बोल, मी लिहिते. इथे अमेरिकेत, अल्फारेटात, रविवारच्या मराठी शाळेत जाऊन ती अक्षरं शिकलीय. माझी चार वाक्यं होतात तेव्हा तिचं एक होतं. "स्लो डाऊन, आजी!" म्हणते. जन्मभर मला सगळे लवकर आटप म्हणत आले. हळू चाल असं सांगणारी ही पहिलीच.

गेल्या शनिवारी तिनं मला गाडीत घालून म्युझियममध्ये नेलं. फार जुनं एक रोमन गाव, डोंगर फुटला आणि राखेखाली गेलं, ते आता उकरून काढलंय. माणसं गेली, भिंती राहिल्या, त्यातल्या काही इथे आणून मांडल्यात. कुंकवासारख्या लाल भिंती. एका भिंतीला दार नाही म्हणून खोटंच दार रंगवलेलं, उंबऱ्यापाशी बारक्या खड्यांचा कुत्रा बसवलेला. म्हटलं, हे आपल्यातलेच. पाहुण्यांपुढे डौल हवा. पुढे स्वयंपाकघराची भिंत, आणि तिच्यावर, आई, नाग. दोन, समोरासमोर, मधे नैवेद्य. एकाला चक्क दाढी! मी चपला काढल्या आणि हात जोडले. गार्ड धावत आला. नात त्याला म्हणाली, "सॉरी, शी इज प्रेइंग," आणि मला, "आजी, चपला घाल ना, प्लीज!"

तुझे नाग गांडुळासारखे यायचे, हे तुलाही माहीत होतं. दर नागपंचमीला चुलीमागच्या मातीच्या भिंतीवर तू बोटानं हळद-कुंकवाच्या गंधाची नाग-नागीण काढायचीस. मी हसले की म्हणायचीस, "देवाला कळतंय, तुला नाही कळलं तर राहू दे." दिवाळीला सगळं घर सारवलं तरी तेवढी जागा सोडायचीस. मागच्या सालच्या पुसट नागांवर नवे, आणि सगळ्यांत खाली तुझ्या सासूच्या हातचे.

मग धाकटीला बघायला पाहुणे येणार होते. मी नुकती शहरात नांदायला गेलेली, अंगात शहाणपण मावत नव्हतं. मातीची भिंत बघून काय म्हणतील, म्हणून ती खरवडून सिमेंटचा गिलावा आणि वर निळा ऑइलपेंट मीच हट्टानं करून घेतला. नागपंचमीला तू वाटी घेऊन त्या भिंतीसमोर उभी आहेस. बोट फिरवतेस, गंध धरत नाही, ओघळून खाली येतं. पुन्हा फिरवतेस. आणि मी मागून म्हणते, "आई, भिंत खराब होईल." पदरानं भिंत पुसतेस, पार खालपर्यंत, आणि वाटी मोरीत ओततेस. पुढच्या नागपंचमीला तू नव्हतीस.

म्युझियममधली बाई सांगत होती, ओल्या चुन्यावर रंग भरला म्हणून इतकी शतकं टिकला. नात ते मला मराठीत करून सांगत होती आणि मला तुझा पदर दिसत होता. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, नजर अधू झाली म्हणून आईनं नाग काढणं सोडलं. आत्ता नात हात थांबवून विचारते, "म्हणजे ते खोटं होतं?" म्हटलं, हो, तेही लिही.

यंदाच्या पंचमीला मी गंध कालवून इथल्या किचनच्या भिंतीपाशी गेले, तर लेक म्हणाला, "आई, वॉल खराब होईल गं." बोल माझेच. वाटी घेऊन माझ्या खोलीत आले.

"आजी, हे सेंड कुठे करायचं?" नात विचारते. कुठेच नाही. घडी घालून माझ्या क्लॉझेटमध्ये ठेवायला सांगितलंय, लुगड्यांच्या मागे, भिंतीला टेकवून. ठेवताना तिला दिसेलच. आई, इथल्या भिंतीवर गंध धरलं. नाग मात्र गांडुळासारखाच आलाय.