दुसऱ्याचा चिरा

बा, काल संध्याकाळी ड्युटीवरून येऊन इथे बहरीनमध्ये, गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी तांदूळ धूत होते, तेव्हा गावाहून दादाचा फोन आला. पूर्वजांच्या नावाने उभ्या केलेल्या चिऱ्यांच्या ओळीभोवती ओटा बांधतायत, आणि आपल्या महादेव कोळ्यांतले जे लढाईला गेले त्यांची नावं त्यांच्या त्यांच्या चिऱ्यावर कोरायची ठरलीत. इतक्या वर्षांनी सुचलं एकदाचं! "बाचं नाव उद्या कोरतील," दादा म्हणाला, आणि माझे हात पाण्यातच राहिले. तो चिरा तुझा नाही, हे तोवर माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

एकाहत्तरच्या लढाईत तू गेल्याची तार आली आणि आज्याने रीतीप्रमाणे पूर्वजांच्या ओळीत तुझ्या नावाचा दगड बसवला. दोन महिन्यांनी तू आपल्या पायांनी दारात उभा! आई किंचाळली ती आनंदाने की भीतीने, हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. बसवलेला चिरा उपटायचा नसतो, म्हणून तो राहिला. तू रोज गुरं घेऊन त्याच्यासमोरून जायचास.

मी दहाएक वर्षांची असेन. नव्या भाताचा घास प्रत्येक चिऱ्यापुढे ठेवत चाललेय, तुझा तेवढा वगळते. तू मागून येऊन माझा दंड धरतोस.

"ह्याला का उपाशी ठेवला?"

"बा, ह्यो तुझा ना? तू तर जिता हायेस."

"मी जिता हाये तो ह्याच्यापायी."

मग तिथेच बसून सांगतोस. तुझ्या कंपनीत धडगावकडचा एक भिल्ल होता. दोघांची बोली निराळी, पण रानातले कंद आणि मासे यांवरून तुमचं जमायचं. तुला ताप भरला, तुझ्या जागी तो गस्तीला गेला, गोळी लागून नदीत पडला तो सापडलाच नाही. गस्तीच्या यादीत तुझं नाव होतं, म्हणून तार आपल्या घरी आली. "मी मेलो की मला नवा चिरा बसवा. ह्यो त्याचाच राहू द्या." त्याचं नाव तू माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलंस. आईला, दादाला का सांगितलं नाहीस, मला कळत नाही. लाज वाटत असेल. एवढं ओझं दहा वर्षांच्या पोरीवर टाकलंस, याचा मला अजून राग येतो.

तू गेलास तेव्हा मला बहरीनला येऊन सहा महिनेही झाले नव्हते, लीव्ह मिळाली नाही. दादाने वॉर्डात फोन केला, म्हणाला, एकाला दोन चिरे बसवत नाहीत, बाचा आहेच. समोर पेशंट ओकत होता. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर सांगायला वीस वर्षं होती, तरी सांगितलं नाही.

काल मात्र सगळं सांगून टाकलं. दादा चिडेल असं वाटलं होतं. तो हळूच म्हणाला, "मग बाचा नवा बसवू. पण त्या भल्या माणसाचं नाव सांग ना. पाथरवट सकाळीच येतोय." सांगते म्हणाले, पण तू तीनदा म्हणवून घेतलेलं ते नाव मला आठवत नव्हतं.

वॉर्डात दिवसभर मी पेशंटच्या तोंडून नाव वदवून घेते, मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघते, मगच सुई टोचते. त्यात एकदाही चुकले नाही. आज सकाळपासून दादाचे चार मिस्ड कॉल होते. हे पान खरं तर त्यालाच पाठवायला हवं, पण पाठवणार नाही. धडगावकडे भिल्लांत ठेवतात तशी ऐकलेली तीन-चार नावं मी कागदावर लिहून पाहिली. एक जरा ओळखीचं वाटलं. तेच मी दादाला कळवलं, बा, आणि आता ते कोरून होत आलं असेल.