काकांचा हयातीचा दाखला

शुक्रवार, १ मार्च २०१९

वहीबाई, रागावू नकोस. संक्रांतीनंतर तुला आज उघडते आहे.

सकाळी घरपट्टीची नोटीस आली. आमचे गाव नगरपालिकेत जोडल्यापासूनची पहिलीच. नळ अजून गावचाच, पट्टी मात्र शहराची. मी ती वाचत होते, तेवढ्यात शेजारचे दत्तूकाका जिलेबी घेऊन दुकानात आले. ते नगरपालिकेतूनच निवृत्त झालेत. पेन्शन जमा झाली की गल्लीभर जिलेबी वाटतात.

"घे वं पोरी, तुयाच घरपट्टीची हाय!" म्हणाले नि हसले. मीही हसले. मग त्यांनी विचारले, "माहा दाखला देल्ला नं कचेरीत?"

"देल्ला, काका."

दिलेला नाही. काका जिवंत आहेत असे सांगणारा तो कागद तीन आठवडे माझ्या पिशवीत आहे. महिनाअखेर पोचला नाही तर त्यांची पेन्शन थांबेल. त्या कचेरीवरून मी दोनदा गेले. विसरले? दुसऱ्यांदा तर पिशवीत हात घालून तो चाचपला होता.

बी.ए. होऊन वीस वर्षे या दुकानात उभी आहे. मी थकले की मला पेन्शन कोण देणार? पण काकांनीही तीस वर्षे शहराच्या नाल्या साफ करवून घेतल्या, आणि माझी पट्टी काही त्यांनी लावलेली नाही. मग मला नक्की काय हवे होते? त्यांनीही माझ्यासारखेच उद्याला भ्यावे, एवढेच ना? जिलेबी मात्र मी खाल्ली.

उद्या: काकांना खरे सांगून, सोबत घेऊन कचेरीत जाणे.